पिस्तूल कुठलं ते नंतर, आधी राउंड किती ते सांगा

शस्त्र परवाना मंजूर झाला की माणसाला पहिला प्रश्न पडतो, आता पिस्तूल कुठलं घ्यायचं? गेल्या काही महिन्यांत मला हा प्रश्न तिघांनी विचारला. एक पेट्रोल पंपवाले, एक सराफ आणि एक राजकीय कार्यकर्ते. वीस वर्षं क्राइम बीट करतोय म्हटल्यावर लोकांना वाटतं, ह्याला त्यातलं कळत असणार. तिघांच्या बोलण्याचा सूर एकच होता. "जुनी विलायती मिळतेय, पण आठ लाख म्हणतो. की कानपूरची नवी घेऊन टाकू दीड लाखात?"

तिघांनाही मी उलट एकच विचारलं. वर्षाला राउंड किती उडवणार? तिघेही हसले. त्या हसण्यावरच ही पोस्ट आहे. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

महाग की परवडणारं, हा वाद सगळ्यात मोकळेपणाने चालतो तो अमेरिकेत. कारण तिथे दुकानात जाऊन दोन्ही विकत घेता येतात. म्हणून आधी तिकडचं सांगतो, मग आपल्याकडे येतो.

तिकडे महाग म्हटलं की बहुतेक वेळा एकच जुनं नाव निघतं, १९११. जॉन ब्राउनिंग या कारागिराचं हे डिझाइन अमेरिकन लष्कराने १९११ मध्ये स्वीकारलं, म्हणून नावही तेच पडलं. पॉइंट फोर फाइव्हची जाड गोळी, मॅगझीनमध्ये सात राउंड, सगळा मामला पोलादाचा, रिकाम्या पिस्तुलाचंच वजन किलोच्या वर. निवड चाचणीत त्याने सहा हजार राउंड न अडकता उडवले होते. दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे हे पिस्तूल होतं. १९८५ मध्ये लष्कराने त्याच्या जागी इटलीच्या बेरेटाचं नऊ एमएम पिस्तूल घेतलं.

लष्कराने सोडलं तरी लोकांनी सोडलं नाही. लष्करी १९११ चे भाग थोडे सैल बसवलेले असत, म्हणजे चिखल-माती गेली तरी चालावं. हौशी नेमबाजांना ते सैलपण नको होतं. मग कारागीर पुढे आले. वरची स्लाइड खालच्या सांगाड्यावर हाताने घासून घासून बसवायची, नळी घट्ट करायची, चाप हलका आणि स्वच्छ करायचा, मुठीवर बारीक खाचा पाडायच्या. आर्कान्सा राज्यातल्या बेरीव्हिल नावाच्या छोट्या गावात बिल विल्सन यांनी १९७७ मध्ये हे काम सुरू केलं. घरचं दागिन्यांचं दुकान, स्वतः घड्याळ दुरुस्त करणारा माणूस. त्याच गावात पुढे नाइटहॉक कस्टम ही दुसरी कंपनी निघाली. तिथे एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर जोडतो. असं पिस्तूल तीन-चार हजार डॉलरपासून पुढे पडतं. आपल्या पैशात तीन-साडेतीन लाखांच्या पुढे.

दुसऱ्या बाजूला ग्लॉक. गॅस्टन ग्लॉक हे ऑस्ट्रियातले कारखानदार. पडद्याचे रॉड, लष्करासाठी चाकू, फावडी असलं काहीबाही बनवायचे. त्यांनी त्याआधी पिस्तूल कधीच बनवलेलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियन लष्कराला नवं पिस्तूल हवं होतं. ह्या गृहस्थांनी जाणकारांना बोलावून विचारलं, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? आणि १९८२ मध्ये ते कंत्राट मिळवलं. सांगाडा प्लास्टिकचा म्हणजे पॉलिमरचा, मॅगझीनमध्ये सतरा राउंड, सगळे मिळून पस्तीसच्या आत भाग. एका बारीक पंचने पूर्ण पिस्तूल सुटं करता येतं. ह्या पिस्तुलाचा भाग त्या पिस्तुलाला बसतो, घासावं लागत नाही. दिसायला म्हणाल तर विटेसारखं. अमेरिकेत किंमत पाचशे-सहाशे डॉलर, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या आसपास.

आता सांगा, चार हजारांचं पिस्तूल पाचशेच्या पिस्तुलापेक्षा आठपट चांगलं असतं का?

नेमकेपणात ते खरोखर सरस असतं. स्टँडला बांधून पंचवीस यार्डांवरून मारलं तर चांगल्या कस्टम १९११ च्या गोळ्या एक-दीड इंचाच्या घेरात पडतात. कारखान्यातल्या साध्या पिस्तुलाचा घेर दुप्पट-तिप्पट मोठा. पण माणूस स्टँड नाही. हात थरथरतो, श्वास वर-खाली होतो, समोरून कुणी अंगावर येत असेल तर डोळे लक्ष्यावर राहत नाहीत. आणि पिस्तुलाची चकमक पंचवीस यार्डांवर क्वचितच होते, बहुतेक वेळा ती एका खोलीच्या अंतरात होते. तिथे पिस्तुलातला इंचाचा फरक माणसाच्या फुटाच्या चुकीत बुडून जातो.

म्हणून ह्या वादात हौशी लोकांपेक्षा सरकारी खात्यांचा अनुभव मला जास्त बोलका वाटतो. तिथे पैसा जनतेचा असतो आणि हिशेब कागदावर राहतो.

अमेरिकेच्या मरीन सैनिकांचंच घ्या. १९८५ नंतर सगळं लष्कर बेरेटाकडे गेलं, पण मरीनच्या काही खास तुकड्यांनी पॉइंट फोर फाइव्हचा हट्ट सोडला नाही. व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावरचे त्यांचे कारागीर गोदामातले जुने १९११ चे सांगाडे काढून, हाताने घासून नवी पिस्तुलं जोडायचे. कस्टम म्हणजे अगदी कस्टम. सांगाडे जुने झाले, तेव्हा २०१२ मध्ये कोल्ट कंपनीला कंत्राट दिलं. जास्तीत जास्त बारा हजार पिस्तुलं, रक्कम २ कोटी २५ लाख डॉलरपर्यंत. भागाकार केला तर एका पिस्तुलामागे अठराशे डॉलरच्या वर.

ती किती वर्षं टिकली? त्यांच्याच एका कमांडो तुकडीने काही वर्षांतच ग्लॉक हातात घेतलं. आणि २०२० पासून पूर्ण मरीन दलात एम १८ हे कारखान्यातलं, प्लास्टिक सांगाड्याचं नऊ एमएम पिस्तूल यायला लागलं. त्याचं मूळ कंत्राट लष्कराने २०१७ मध्ये सिग सॉअर कंपनीला दिलं होतं. ग्लॉकने त्या निर्णयाला आव्हान दिलं. ते फेटाळताना तिथल्या लेखापरीक्षण यंत्रणेने आकडे जाहीर केले. सिगची बोली १६ कोटी ९५ लाख डॉलर, ग्लॉकची २७ कोटी २२ लाख. दोन्ही पिस्तुलं आधुनिक, पण ठरवताना किंमत फार मोठी ठरली.

इथे कुणी म्हणेल, बघा, स्वस्त जिंकलं. थांबा जरा. त्याच पिस्तुलाच्या नागरी आवृत्तीबाबत २०१७ च्या ऑगस्टमध्ये तक्रार आली, की विशिष्ट कोनात खाली पडलं तर आपोआप गोळी सुटते. कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. तेव्हा परवडणारं म्हणजे निर्दोष असं समजू नका.

एफबीआयची गोष्टही बघण्यासारखी आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत त्यांचे दोन एजंट मारले गेले. खापर गोळीवर फुटलं, नऊ एमएम कमी पडली म्हणून. मग दहा एमएम आणली, ती हाताला जड जायला लागली म्हणून पॉइंट फोर झिरो आणली, आणि जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा नऊ एमएमवर आले. कारणं काय दिली? गोळ्या आता सुधारल्या आहेत, झटका कमी बसतो, बहुतेक एजंटांचा नेम नऊ एमएमने लवकर आणि जास्त चांगला लागतो. शिवाय राउंड स्वस्त पडतात. २०१६ मध्ये त्यांनी ग्लॉकशी साडेआठ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला.

शेवटचं तिकडचं उदाहरण न्यूयॉर्क पोलिसांचं, आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांची पिस्तुलं चांगल्या कंपन्यांची, आधुनिक. तरी रँड ह्या संस्थेने २००८ मध्ये त्यांचे आकडे तपासले, तेव्हा दिसलं की १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी अठराच गोळ्या लागल्या. समोरचा गोळी झाडत नसेल तेव्हा तीस. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा राउंड झाडले. खुनी मेला, पण रस्त्यावरचे नऊ लोक जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी नाहीतर उडालेल्या तुकड्यांनी. त्या काळात तिथल्या पोलिसांच्या पिस्तुलाचा चाप मुद्दाम जड ठेवलेला असे, चुकून गोळी सुटू नये म्हणून. जड चापावर नेम धरायला जास्त सराव लागतो, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे कस्टम पिस्तूल मागवायची सोयच नाही. नऊ एमएम सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. त्याच्या वाट्याला प्रामुख्याने पॉइंट थ्री टू येतं. ऐंशीच्या दशकापासून परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसासाठी बंद आहे, नामांकित नेमबाज वगैरे अपवाद सोडले तर. त्यामुळे त्याआधी आलेली जुनी वॉल्थर, वेब्ली, स्मिथ अँड वेसन एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहतात आणि दर फेरीला भाव वाढतो. मूळ देशात ज्याला कुणी काही हजार देईल, त्याला इथे लाखांनी मोजतात. ही किंमत कारागिरीची नव्हे, टंचाईची. आपला कस्टम म्हणजे जुन्या विलायतीचा रुबाब.

दुसऱ्या बाजूला कानपूर आणि इतर आयुध निर्माणींची पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर. २०१४ मध्ये दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर 'निर्भीक' नावाची महिलांसाठी म्हणून पाचशे ग्रॅमची रिव्हॉल्व्हर आली, किंमत १,२२,३६०. त्या किमतीत ती कुठल्या नर्सला, कुठल्या शिक्षिकेला परवडणार होती हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. २०२३ मध्ये 'प्रबल' आली. आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉटचं नावही भारतीय कारखान्यातून निघतं. म्हणजे नवं, दुरुस्त होऊ शकणारं, सुटे भाग मिळणारं शस्त्र लाख-दीड लाखात आहे. तरी लोक सात-आठ लाख देऊन साठ वर्षं जुनं घेतात, ज्याची स्प्रिंग तुटली तर बदलून मिळायची मारामार.

का घेतात? आमच्या भागातल्या एका बड्या व्यापाऱ्यांनी मला त्यांचं विलायती पिस्तूल दाखवलं होतं. मखमली डबीत, अगदी लखलखीत. मी विचारलं, शेवटचं कधी चालवलं? म्हणाले, "चालवायचं कशाला? खंडेनवमीला पूजा करतो, निवडणूक आली की ठाण्यात जमा करतो, आणि आचारसंहिता उठली की परत आणतो." बारा वर्षांत एकही राउंड नाही. तुम्हीच सांगा, उद्या खरंच कुणी घरात घुसलं तर हे पिस्तूल कुणाच्या कामी येईल?

म्हणून परवानाधारकांना माझं सरळ सांगणं आहे. परवाना खऱ्या गरजेपोटी असेल तर नवं, साधं, दुरुस्त होणारं शस्त्र घ्या. वाचलेल्या पैशातून चांगली तिजोरी घ्या, मुलांच्या हाती लागणार नाही अशी. २०१६ च्या नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे, ते नुसत्या सर्टिफिकेटपुरतं करू नका. जवळ रायफल क्लब असेल तर तिथे जा. काडतुसांची संख्या परवान्यावर ठरलेली असते, ती सरावासाठी वापरा. आणि वरातीत हवेत उडवायला तर अजिबात वापरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हवेत गेलेली गोळी हवेत राहत नाही, कुणाच्या तरी गच्चीवर येते.

महाग पिस्तुलाला जागा आहे, नाही असं नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाड स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. तिथे नेमाच्या टप्प्यात दहा गुणांचं वर्तुळ अवघं पाच सेंटिमीटरचं असतं, मूठ हाताच्या मापाने घडवावी लागते. तिथे एक मिलिमीटर म्हणजे पदक. तिथे खर्च करायलाच हवा. पण त्या पिस्तुलामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव असतो, आणि ते कमरेला लावून कुणी लग्नात मिरवत नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. तो खासगी परवान्यांपेक्षा आपल्या पोलिसांचा आहे.

२६/११ नंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली होती. तिच्या अहवालातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या शीघ्र कृती पथकांनी सतत गोळीबाराचा सराव करायचा, त्यांचा सराव हल्ल्याआधी बराच काळ काडतुसांच्या टंचाईमुळे झालेलाच नव्हता. शस्त्रं होती, माणसं होती. सरावाला गोळ्या नव्हत्या. आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे खडकी आणि वरणगावच्या निर्माणींमध्ये काडतुसं बनतात.

त्यानंतर फोर्स वन उभी राहिली, आधुनिक शस्त्रं आली, संचलनात आपण ती पाहिली, आम्ही त्यांचे फोटो पहिल्या पानावर छापले. चांगलंच झालं. पण शस्त्र खरेदीचा फोटो येतो, सरावाच्या गोळीचा येत नाही. खरेदीचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो. फायरिंग बटवर उन्हात बसून पुंगळ्या मोजणाऱ्या शिपायाकडे कोण जातं?

मी दोन-तीनदा गेलोय. वार्षिक सराव म्हणजे काय असतो ते बघितलंय. सकाळी लाइन लागते, एकेकाला मोजून राउंड मिळतात, पाच-दहा मिनिटांत पाळी संपते. मग पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या, जमा करायच्या. एक पुंगळी कमी भरली तर सगळी तुकडी गवतात शोधत बसते. नेम कुठे गेला ह्यापेक्षा पुंगळी कुठे गेली ह्याची काळजी जास्त. आणि दुसऱ्या दिवसापासून बंदोबस्त. गणपती, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. पुढचा राउंड पुढच्या वर्षी, तोही ड्युटी लागली नाही तर.

शस्त्रागारात आयुष्य काढलेले एक निवृत्त हवालदार त्या वेळी शेजारी बसले होते. मी त्यांना विचारलं, काका, आपल्याकडे ग्लॉक सगळ्यांना मिळायला पाहिजे ना? ते म्हणाले, "साहेब, पिस्तूल कुठलं हे विचारू नका. यंदा किती राउंड उडवले ते विचारा. मी साध्या पिस्तुलावर नेम लागलेले पोरं पाहिलीत, आणि नव्या पिस्तुलाचा सेफ्टी कॅच शोधणारे अधिकारी पण पाहिलेत."

न्यूयॉर्कचे आकडे आणि काकांचं वाक्य शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकच सांगतात. पिस्तूल एका मर्यादेपर्यंत चांगलं, भरवशाचं असायलाच हवं. गंजलेलं, अडकणारं शस्त्र देऊन कुणाला बंदोबस्ताला पाठवणं हा गुन्हाच आहे. पण ती मर्यादा आजच्या साध्या, कारखान्यातल्या पिस्तुलाने केव्हाच ओलांडली आहे. २०२१ मध्ये पुण्याच्या डीआरडीओच्या एआरडीई प्रयोगशाळेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून 'अस्मी' हे मशीन पिस्तूल तयार केलं, तेव्हा अपेक्षित उत्पादन खर्च पन्नास हजारांच्या आत सांगितला होता. त्याच्या पुढचा प्रत्येक रुपया गोळ्या, बट, प्रशिक्षक आणि वेळ ह्यावर गेला पाहिजे. चुकलेली गोळी दरोडेखोराला लागत नाही. ती बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला लागते. आणि नेम येत नाही म्हणून हात आखडलेला शिपाई स्वतः मरतो.

म्हणून मी एक साधं काम हाती घेतलंय. माहिती अधिकारात जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे तीन गोष्टी मागतोय. गेल्या पाच वर्षांत सरावासाठी दरवर्षी किती राउंड मंजूर झाले? त्यातले प्रत्यक्षात किती उडवले गेले? किती कर्मचाऱ्यांचा वार्षिक सराव बुडाला? कुणाच्या शस्त्रसाठ्याची माहिती मी मागत नाही, सरावाचा हिशेब मागतोय. नाकारलं तर अपील करू, तेही इथे सांगेन.

तुमच्यापैकी कुणी दुसऱ्या जिल्ह्यात असाल तर हेच तीन प्रश्न तिथे टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आणि पुढच्या वेळी पालकमंत्री नव्या शस्त्रांसोबत फोटोला उभे राहिले, की कुणीतरी एकाने तरी विचारा, साहेब, ह्यांच्या सरावाला राउंड किती मंजूर केलेत?